आंब्याचा सीझन उघडला आणि लॅपटॉप सिंकच होईना? या चुका टाळा

रत्नागिरीत बसून मी दहा-बारा छोट्या ऑफिसांची मशीन सांभाळतो. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एकाच प्रकारचे फोन येतात. गेल्या वर्षी देवगडजवळच्या एका कॅनिंग युनिटमधून आला, "सर, मेल उघडना नाय, आणि ट्रक दारात उभो आसा." त्यांचे चार लॅपटॉप जुलैपासून कपाटात होते.

हे लॅपटॉप मायक्रोसॉफ्ट इंट्यूनला, म्हणजे कंपनीची मशीन नेटवरून सांभाळणाऱ्या सेवेला, जोडलेले आहेत. विंडोजचं मशीन साधारण दर ८ तासांनी या सेवेकडे हजेरी लावतं, म्हणजे ते रोज चालू होणार, रोज नेटवर येणार, हे धरूनच सगळा हिशेब केलेला असतो. आपल्याकडे आंब्याचं काम जूनला आटोपतं, मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते आणि पावसाळ्यात लाईटचा भरवसा नाही, त्यामुळे मशीन बंदच पडून राहतात. मशीन ३० दिवस हजेरीला आलं नाही तर, मुदत बदललेली नसेल तर, ते नॉन-कंप्लायंट, म्हणजे नियमात न बसणारं, धरलं जातं. कंपनीने तसा नियम लावला असेल तर मेल तिथेच अडतो. देवगडला हेच झालं होतं.

पहिली चूक म्हणजे घड्याळ न बघता सिंकचं, म्हणजे लगेच हजेरी लावायचं, बटण दाबत बसणं. महिनोन्‌महिने पडून असलेल्या मशीनमधली बटणासारखी छोटी बॅटरी उतरते आणि तारीख काही वर्षं मागे जाते. तारीख चुकली की सर्व्हरचं सर्टिफिकेट (त्याचं डिजिटल ओळखपत्र) मशीनला खोटं वाटतं आणि जोडणीच होत नाही. एररच्या शेवटी ८००७२एफ८एफ दिसलं तर आधी खालच्या कोपऱ्यातली तारीख बघा. फरक मोठा असेल तर "वेळ आपोआप लावा" हा पर्यायही कामी येत नाही. तारीख हाताने घाला, टाइम झोन तपासा, मग सेटिंग्ज, अकाउंट्स, ॲक्सेस वर्क ऑर स्कूल, इन्फो असं जाऊन सिंक दाबा. देवगडच्या चारपैकी तीन मशीन एवढ्यावर उठली. बॅटरी मात्र त्याच दिवशी बदलून घ्या, नाहीतर पुढच्या वेळी पुन्हा तेच.

चौथ्या लॅपटॉपची गोष्ट मला अजून टोचते. बॅटरी उतरल्यावर त्याची बायॉस सेटिंग्ज (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मूळ प्रोग्रामची) मूळ पदावर गेली, त्यामुळे बिटलॉकरला, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीला, संशय आला आणि निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली गेली. ती की एंट्रा आयडीत, म्हणजे कंपनीच्या खात्यांच्या आणि मशीनच्या मायक्रोसॉफ्टकडच्या नोंदवहीत, त्या मशीनच्या नोंदीला जोडून ठेवलेली असते. आणि ती नोंद, "सहा महिने दिसलं नाही, जुनं असेल" म्हणून, डिसेंबरच्या साफसफाईत मीच काढून टाकली होती. नोंदीबरोबर की गेली, कीबरोबर मागच्या सीझनचा खरेदीचा हिशेब. बागायतदारांच्या पावत्यांवरून तो पुन्हा लिहायला तिथल्या ताईंना नऊ दिवस लागले. तेव्हापासून एंट्रातली कुठलीही नोंद काढण्याआधी मी दोन गोष्टी करतो: फोन करून "मशीन कपाटात आहे का?" विचारतो आणि की वेगळी उतरवून ठेवतो. शंका असेल तर नोंद नुसती डिसेबल करा, ती पुन्हा चालू करता येते.

इंट्यूनमधला आपोआप साफसफाईचा नियम त्यामानाने सौम्य आहे. तो ३० ते २७० दिवसांत कितीही लावता येतो. त्याने यादीतून गेलेलं मशीन सर्टिफिकेटची मुदत संपण्याआधी हजेरीला आलं तर पुन्हा दिसू लागतं. सीझनवाल्या ऑफिसांना मी २७० च लावतो. मशीनचं सर्टिफिकेट वर्षभराचं असतं आणि नेटवर असेल तर स्वतःच नवं होतं. ते संपलं तर मात्र मशीन नव्याने जोडण्याशिवाय इलाज नाही.

"लॅपटॉप हलका करून देतो" म्हणणाऱ्यापासूनही सांभाळा. फुकटची क्लीनर टूल्स डीएम वॅप पुश सर्व्हिस (सिंकसाठी लागणारी विंडोजची आतली सेवा) बंद करून ठेवतात आणि मग सिंक गपचूप थांबतं. एका जोडलेल्या मशीनची डिस्क जशीच्या तशी दुसऱ्यात कॉपी करणं तर अजिबात नको, दोन मशीन एकाच ओळखीने हजर होतात आणि गोंधळ निस्तरता निस्तरत नाही.

वाडीतल्या हॉटस्पॉटवर काम चालत असेल तर कनेक्शन मीटर्ड (डेटा जपून वापरायचं) लावलंय का बघा. पॉलिसी, म्हणजे कंपनीचे नियम, पोचते, पण विंडोजचे अपडेट सहसा उतरत नाहीत.

माझ्या सगळ्या ऑफिसांत आता कपाटाच्या दारावर कागद चिकटवलाय: दर महिन्याच्या १ तारखेला लॅपटॉप बाहेर काढायचे, चार्जरला लावायचे, वायफायवर साइन-इन करून दोन तास चालू ठेवायचे, सिंक दाबायचं आणि खाली सही करायची. देवगडच्या कागदावर ऑगस्टपासूनच्या सगळ्या सह्या आहेत.