लेखनासाठी संशोधन करताय? या चुका टाळा

नव्या लेखकांची हस्तलिखितं वाचून द्यायचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. प्रत्येकाची भाषा वेगळी, विषय वेगळे, पण संशोधनातल्या चुका त्याच त्या.

"दहा ठिकाणी वाचलंय"

या चुकीचा मला फार राग येतो, कारण ती माझ्या हातूनही झाली आहे. पालकात भरपूर लोह असतं हा समज एका जुन्या तक्त्यात दशांशचिन्ह चुकल्यामुळे पसरला, ही गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. मी ती लेखात छापली होती. पाच ठिकाणी वाचल्यामुळे शंका आलीच नाही. लेख आल्यावर एका वाचकाचं पत्र आलं: "हे दशांशचिन्ह नेमकं कुठल्या तक्त्यात चुकलं?"

उत्तर शोधायला बसलो, तर पाचही लेख एकमेकांच्याच आधारावर उभे. माग काढत १९८१ सालच्या 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधल्या टी. जे. हॅम्ब्लिन यांच्या लेखापर्यंत पोहोचलो. तिथे गोष्ट होती, तिचा आधार नव्हता. संशोधक माइक सटन यांनी २०१० मध्येच हा सगळा माग काढून या गोष्टीला पुरावा सापडत नसल्याचं दाखवलं होतं. ते मी लिहिण्याआधी वाचायला हवं होतं. लोकांचा गैरसमज दूर करायला निघालो आणि दुसरा गैरसमज पसरवून आलो, याची खंत अजून आहे.

तेव्हापासून वहीत प्रत्येक दाव्यासमोर मी एक प्रश्न लिहितो: हे पहिल्यांदा कुणी म्हटलं, आणि कशावरून? उत्तर मिळेपर्यंत ते वाक्य पेन्सिलीतच राहतं. दहा जणांनी एकाच ठिकाणाहून उचललं असेल, तर पुरावा एकच धरायचा. "एवढा वेळ कुणाकडे आहे?" असं मला नेहमी विचारतात. वेळ नसेल तर ते वाक्य गाळा. गाळलेल्या वाक्याने कुणाची दिशाभूल होत नाही.

टिपणात कुणाचं वाक्य, हेच न कळणं

एका तरुण लेखिकेच्या हस्तलिखितातला एक परिच्छेद मला ओळखीचा वाटला. विचारल्यावर ती म्हणाली, "हे माझंच आहे, माझ्या वहीत आहे." वहीत होतंच. सहा महिन्यांपूर्वी एका पुस्तकातून अवतरणचिन्हांशिवाय उतरवून घेतलेलं! मुलगी प्रामाणिक होती, पण छापून आलं असतं तर तिच्यावर चोरीचा शिक्का बसला असता. मी आधी लेखक, पुस्तक, आवृत्ती आणि पान लिहितो, मगच मजकूर. उतरवलेलं निळ्या शाईत, स्वतःचे विचार काळ्या. आवृत्ती लिहायचा कंटाळा करू नका. नव्या आवृत्तीत पानं सरकतात आणि तुमचा संदर्भ कुणालाच सापडत नाही.

तारीख जशीच्या तशी उचलणं

शेक्सपिअर आणि स्पॅनिश लेखक सर्व्हांटिस एकाच दिवशी गेले, हे वाक्य मी कितीतरी लेखांतून काढून टाकलं आहे. दोघांच्या नावापुढे २३ एप्रिल १६१६ ही तारीख लागते, हे खरं. पण आपण आज वापरतो ती ग्रेगोरियन दिनदर्शिका स्पेनने १५८२ मध्येच स्वीकारली होती आणि इंग्लंडने १७५२ मध्ये; तोवर इंग्लंडमध्ये जुनी ज्युलियन दिनदर्शिका चालू होती, त्यामुळे त्या दोन तारखांत दहा दिवसांचं अंतर पडतं. जुनी तारीख दिसली की ती कुठल्या दिनदर्शिकेतली, हे आधी बघा.

"सर्च केलं, काही मिळालं नाही"

जुन्या मराठी पुस्तकांच्या स्कॅनमध्ये संगणक जोडाक्षरं हमखास चुकीची वाचतो. शब्द पानावर असतो, शोधात येत नाही. अनुक्रमणिका उघडा, पानं चाळा.

एआयने दिलेला संदर्भ न उघडणं

२०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले खटले न्यायालयात सादर केले आणि ५,००० डॉलर दंड भरला. जो संदर्भ स्वतः उघडून वाचला नाही, तो लेखात घालू नका. इथे मी कुणाचीही सबब ऐकत नाही.

मुलाखतीत उत्तर तोंडात घालणं

"तेव्हा तुम्हाला भीती वाटली असेल ना?" असं विचारलं की समोरचा "हो" म्हणून मोकळा होतो. "मग काय झालं?" एवढंच विचारा आणि थांबा. बोलून झालं की आणखी एक विचारा: हे तुम्ही स्वतः पाहिलंत, की कुणाकडून ऐकलंत?