टोमॅटोसाठी माती सुधारताना या चुका टाळा

टोमॅटो वाढत नाही म्हटलं की हात आधी खताच्या पिशवीकडे जातो. पण निकस वाटणाऱ्या मातीत बऱ्याचदा अन्नापेक्षा हवेची कमतरता जास्त असते. दडपलेल्या मातीत मुळांना प्राणवायू पुरत नाही, आणि गुदमरलेलं मूळ शेजारी असलेलं अन्नही उचलू शकत नाही. म्हणून आधी मातीची घडण आणि निचरा, मग सामू (मातीची आम्ल-विम्लता, म्हणजे pH) आणि सगळ्यात शेवटी खत, हा क्रम चुकवू नका.

माती न ओळखताच काम सुरू करणं

सरळ कडांच्या काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती घ्या. ती पृष्ठभागावरची नको, १५ सेंमी खोलीवरची हवी. त्यात चिमूटभर साबणाची पूड टाका, बरणी पाण्याने जवळजवळ भरा, जोरात हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटाभरात तळाशी बसते, पोयटा (वाळूहून बारीक, चिकणमातीहून जाड कण) साधारण दोन तासांत, चिकणमातीला मात्र एक-दोन दिवस लागतात. थरांची जाडी मोजली की कशाचं प्रमाण किती आहे ते समोर दिसतं.

मग निचरा. ३० सेंमी खोल खड्डा पाण्याने भरा, ते जिरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्या वेळी पातळी तासाला अडीच ते पाच सेंमी उतरली तर चांगलं. त्याहून कमी उतरत असेल तर २० ते ३० सेंमी उंच वाफा करा. नुसतं खत घालून तुंबणारं पाणी हटत नाही.

चिकणमातीत वाळू मिसळणं

ही चूक फार महाग पडते, कारण नंतर ती दुरुस्त करता येत नाही. थोडी वाळू घातली की तिचे कण चिकणमातीत रुतून बसतात आणि माती वाळल्यावर विटेसारखी कडक होते. खरा फरक पडायला एकूण आकारमानाच्या निम्म्याहून जास्त वाळू लागेल, आणि ते घरच्या बागेत शक्य नाही. त्याऐवजी पूर्ण कुजलेलं कंपोस्ट किंवा शेणखत ५ सेंमी जाडीने पसरा. एका चौरस मीटरला ५० लिटर, म्हणजे १५ लिटरच्या साधारण साडेतीन बादल्या लागतात. ते वरच्या २० ते २५ सेंमी मातीत मिसळा. वालुकामय मातीलाही उपाय हाच, फक्त तिथे तो पाणी धरून ठेवण्यासाठी. पुढच्या वर्षांत दोन-तीन सेंमीचा थर पुरतो.

खत फक्त रोपाच्या खड्ड्यात भरू नका. आजूबाजूची माती घट्ट असेल तर पाणी त्याच खड्ड्यात साचतं आणि मुळंही बाहेर पसरत नाहीत. पूर्ण वाफा सुधारा.

वाफसा (खणण्याजोगी ओल) नसताना खणणं

मूठभर माती दाबून गोळा करा आणि अंगठ्याने टोचा. भुगा झाला तर खणा. गोळा नुसता चेपला, बोटाचा ठसा उमटला, तर थांबा. ओल्या चिकणमातीत फावडं घातलं की तिच्यातल्या पोकळ्या बुजतात, आणि झालेली ढेकळं अख्खा हंगाम फुटत नाहीत. वाफ्यावर पाय देणंही तितकंच वाईट.

कच्चा माल मातीत पुरणं

ताज्या शेणातला अमोनिया कोवळी मुळं जाळतो, शिवाय त्यात तणाचं बी आणि रोगजंतू असतात. लाकडाचा भुसा आणि सुका पाला यांची अडचण वेगळी आहे. ते कुजवणारे सूक्ष्मजीव मातीतलं नत्र (नायट्रोजन) स्वतःसाठी ओढून घेतात, आणि रोप खालच्या पानांपासून पिवळं पडतं. भुसा वर आच्छादन म्हणून चालतो, मातीत मिसळून नाही.

न मोजता चुना किंवा राख टाकणं

टोमॅटोला ६.० ते ६.८ सामू मानवतो. मातीवर व्हिनेगर टाकल्यावर फसफसलं तर तिच्यात चुनखडी आहे. तिथे चुना आणि राख दोन्ही वर्ज्य. आम्लधर्मी मातीतही माती परीक्षणात सांगितलेलं प्रमाणच वापरा आणि लागवडीच्या दोन-तीन महिने आधी मिसळा, कारण चुन्याचा परिणाम सावकाश होतो.

लक्षण चुकीचं वाचणं

जुनी पानं सरसकट पिवळी पडली तर नत्र कमी. जुन्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम कमी. हेच चित्र कोवळ्या शेंड्यावर दिसलं तर लोह कमी, आणि ते बहुधा सामू जास्त असल्यामुळे. अशा जमिनीत साधं लोह लगेच अडकून बसतं. तिथे ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रेणूत बांधलेलं लोह, उपयोगी पडतं. झाड गर्द हिरवं, जोमदार आणि फुलं मात्र मोजकीच असतील तर नत्र जास्त झालंय. नत्र थांबवा.

फळाच्या बुडाशी काळा, खोलगट डाग आला की लोक अंड्याची टरफलं पुरतात. ती कुजायला फार वेळ लागतो, त्या हंगामाला त्यांचा उपयोग नाही. मातीत कॅल्शियम बहुतेक वेळा असतंच, पण ते पाण्याबरोबरच झाडात चढतं आणि पाणी अनियमित झालं की फळापर्यंत पुरेसं पोहोचत नाही. एप्सम सॉल्टने (मॅग्नेशियम सल्फेटने) तर हे बिघडतं, कारण जादा मॅग्नेशियम कॅल्शियमच्या शोषणाला अडवतं. माती १५ सेंमी खोलपर्यंत सारखी ओलसर ठेवा. पाच ते आठ सेंमी सुक्या गवताचं आच्छादन द्या, खोडापासून चार बोटं सोडून.

दरवर्षी तोच वाफा

हंगाम संपला की झाड उपटून मुळं बघा. त्यांवर गाठी असतील तर ती सूत्रकृमींची (मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म कृमींची) लागण आहे, आणि ती खताने जात नाही. त्या वाफ्यात निदान तीन वर्षं टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा नको. ती मुळं कंपोस्टच्या ढिगात टाकू नका.