बाळाला अंगावरचं दूध पुरतंय का, हे कसं ओळखावं

बाळ सारखं रडतं, स्तन सैल वाटतात, आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, "दूध पुरत नाही वाटतं." या एका वाक्यावर वरचं दूध सुरू झालेली कितीतरी बाळं आहेत. डबा आणण्याआधी पुढच्या गोष्टी पाहा.

१. फक्त अंगावरचं म्हणजे काय, हे आधी पक्कं करा. जागतिक आरोग्य संघटना पहिले ६ महिने फक्त आईचं दूध द्यायला सांगते. पाणीसुद्धा नाही, उन्हाळ्यातही नाही. त्या दुधात जवळपास ८८ टक्के पाणीच असतं. काढून ठेवलेलं आईचं दूध चालतं. डॉक्टरांनी दिलेले ड जीवनसत्त्वाचे थेंब, औषधं आणि जुलाबातलं ओआरएसही चालतं.

२. पकड बघा. माझ्या मते बहुतेक अडचणींचं मूळ इथेच असतं. बाळाचं पोट आईच्या पोटाला टेकलेलं हवं, मान वळलेली नको. ते जांभईसारखं मोठं तोंड उघडेल तेव्हाच त्याला जवळ घ्या. हनुवटी स्तनाला टेकते, खालचा ओठ बाहेर मुडपतो आणि स्तनाग्राभोवतीचा काळसर भाग वरच्या ओठाच्या वर जास्त, खाली कमी दिसतो. मग कान द्या: आधी भराभर चोखणं, पान्हा फुटला की संथ, खोल ओढ आणि मध्येच घोट गिळल्याचा हलका आवाज. नुसते चुटचुट आवाज येत असतील, गालांना खळ्या पडत असतील किंवा दुखत असेल, तर हिरडीच्या कडेने बोट घालून पकड सोडवा आणि पुन्हा लावा. दहादा लावावं लागलं तरी लावा.

३. घड्याळ बघून पाजू नका. सुरुवातीच्या आठवड्यांत २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजणं, तेही रात्रीसकट, अगदी नेहमीचं आहे. स्तन जितका रिकामा होतो तितकं दूध जास्त बनतं. वरचं दूध दिलं की बाळ कमी ओढतं, मग दूध खरंच कमी होऊ लागतं.

४. लंगोट मोजा. पाचव्या दिवसानंतर २४ तासांत किमान ६ ओले लंगोट, लघवी फिकट आणि काळी शी जाऊन पिवळी झालेली असावी.

५. वजन करा, पण रोज नको. पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतं, घाबरू नका. साधारण दोन आठवड्यांत ते जन्मवजनावर परत यायला हवं. पुढचे तीन महिने दिवसाला सरासरी २० ते ३० ग्रॅम वाढ चांगली. शक्यतो त्याच काट्यावर, कपडे काढून वजन करा आणि वाढीच्या तक्त्यावर ठिपका मांडा. २००६ साली आलेले जागतिक आरोग्य संघटनेचे तक्ते अंगावर पिणाऱ्या बाळांवरूनच बनवले आहेत. एका ठिपक्यावरून काही ठरत नाही, रेघ कुठे चालली आहे ते पाहा. नाजूक बाळाची रेघ खालून, पण सरळ वर जात असेल तर ते छान वाढतं आहे.

६. वजन जन्मापेक्षा १० टक्क्यांहून जास्त उतरलं, लंगोट कोरडे राहिले, बाळ पाजायलाही उठेना किंवा कावीळ वाढताना दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. त्यांनी काही दिवस वरचं दूध द्यायला सांगितलं तर जरूर द्या. त्यात आईची चूक नसते. तेवढे दिवस अंगावर लावणं आणि दूध काढणं मात्र चालू ठेवा.