पदवीधरच्या मतदानात १, २, ३ लिहायचं कसं

मुंबईत नगरसेवक निवडताना मशीनचं एक बटण दाबलं की काम झालं, त्यामुळे पदवीधर मतदारसंघाच्या, म्हणजे विधान परिषदेवर पदवीधरांचा आमदार निवडायच्या, मतदानाला भलेभले गडबडतात. २०२४ च्या जूनमध्ये माझा मावसभाऊ हाफ डे टाकून गेला, आवडत्या उमेदवारापुढे टिकमार्क केला आणि घरी येऊन सांगतो, मत दिलं. ते मत बाद! खूप वाईट वाटलं, म्हणून नीट लिहितोय.

इथे कागदाची मतपत्रिका मिळते, त्यावर पक्षाचं चिन्ह नसतं, तेव्हा उमेदवाराचं पूर्ण नाव आधीच लक्षात ठेवून जा. केंद्रावर जांभळं स्केचपेन देतात, फक्त त्यानेच लिहायचं, खिशातलं पेन काढायचं नाही. सगळ्यात पसंत असेल त्याच्यापुढे १, मग दुसऱ्याला २, तिसऱ्याला ३, हवं तिथपर्यंत. आकडा मराठी, इंग्रजी, रोमन कुठलाही चालतो पण 'एक' असं अक्षरात नाही, टिक नाही, फुली नाही, सही किंवा अंगठा तर अजिबातच नाही. १ पाहिजेच आणि तो एकालाच, दोघांना दिलात तर मत गेलं.

२, ३ ची सक्ती नाही, पण लिहाच. लोकांना वाटतं दुसऱ्याला २ दिला की आपल्या माणसाचं नुकसान होतं, तसं नाहीये हो, तुमचा २ बघायची वेळ येते तीच मुळी तुमचा १ वाला स्पर्धेतून बाहेर गेल्यावर. समजा १०० वैध मतं आहेत, तर कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारी मतं, निम्मी अधिक एक म्हणजे ५१. पहिल्याला ४०, दुसऱ्याला ३३, तिसऱ्याला २७, कोणीच कोट्याला पोचलं नाही, मग सगळ्यात मागचा तिसरा बाहेर आणि त्याच्या २७ मतपत्रिकांवर २ कोणाला दिलाय ते बघतात. २० दुसऱ्याला, ४ पहिल्याला गेली, तिघांनी २ लिहिलाच नाही. दुसरा ५३ वर जाऊन निवडून आला, पहिला ४४ वरच राहिला. त्या तिघांचं मात्र शेवटच्या लढतीत काहीच म्हणणं उरलं नाही, मला तर हे बाद मताइतकंच लागतं.

न्यूयॉर्कला २०२१ पासून सिटी कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरसेवकांच्या, प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवायच्या निवडणुकीत) असंच पाच जणांपर्यंत क्रम देतात, फक्त तिथे आकडा न लिहिता गोल भरायचा असतो.

आणि हो, विधानसभेच्या यादीत नाव आहे म्हणून निर्धास्त राहू नका. पदवीधरांची यादी वेगळी आणि दर निवडणुकीला नव्याने बनते, मागच्या वेळी नाव होतं तरी नमुना १८, म्हणजे नाव नोंदवायचा फॉर्म, परत भरावा लागतो, यादी बनते त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरच्या किमान तीन वर्षं आधी पदवी झालेली पाहिजे, आणि शिक्षक मतदारसंघाचा फॉर्म वेगळा, नमुना १९, त्याची अदलाबदल करू नका. डिग्री सर्टिफिकेटची कॉपी आत्ताच काढून ठेवा.