कंपनीच्या इंट्रानेटचा मेनू कसा लावायचा

इंट्रानेटवरच्या, म्हणजे कंपनीच्या आतल्या वेबसाइटवरच्या, सगळ्या पानांची एक्सेल यादी काढा, जुनी पानं उडवा, उरलेल्या प्रत्येक पानाला मालक ठरवा. मग सर्चचे लॉग बघा, लोक काय टाइप करतात ते नीट उतरवून घ्या, पुढे तेच शब्द मेनूत येणारेत.

आता गट पाडायचे, आणि सगळा घोळ होतो तो इथेच. जो तो सांगतो की विभागाप्रमाणे लावा, एचआर, फायनान्स, अ‍ॅडमिन, आयटी, झालं काम. अजिबात ऐकू नका. ज्याला काम उरकायचंय त्याला ते कुठल्या विभागाकडे आहे हे माहीत नसतं आणि असायची गरजही नाही. फॉर्म 16 चंच बघा, जूनमध्ये अख्खं ऑफिस तो शोधतं, पगाराचं म्हणून माणूस एचआरमध्ये शिरतो, तिथे पेस्लिप असते पण फॉर्म 16 फायनान्सच्या आत टॅक्सेशनच्या आत डाउनलोड्समध्ये, मग वैतागून पेरोलला मेल. सरळ 'पगार आणि टॅक्स' असा गट करा आणि पेस्लिप, फॉर्म 16, पीएफ, गुंतवणुकीचं डिक्लरेशन सगळं तिथे टाका.

गट मनाने पाडू नका. पानांची नावं चिठ्ठ्यांवर लिहा, लोकांना गठ्ठे करायला सांगा, गठ्ठ्याला नावही त्यांनाच देऊ द्या. यालाच कार्ड सॉर्टिंग म्हणतात, वेबसाइट वापरायला सोपी कशी करायची यातले तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी 2004 मध्ये यासाठी 15 जण सुचवले होते, तेवढे पुरतात. पण फक्त हेडऑफिसचे घेऊ नका, प्लांटवरचा शिफ्ट सुपरवायझर हवा, आणि नुकतीच जॉइन झालेली एखादी मुलगी तर हवीच, कारण तिला जुन्या जागा पाठ नसतात.

मग विभागप्रमुख येणार, आमचं नाव मेनूत का नाही म्हणून. इथे नमलात की सगळी मेहनत पाण्यात. त्यांना लॉग दाखवा, 'विभाग' नावाचा एक टॅब द्या, पण कामाची लिंक तिथे अडकू देऊ नका. रजेच्या पोर्टलला कुणी कितीही भारदस्त नाव दिलेलं असो, मेनूत 'रजा टाका' एवढंच लिहायचं.

नावं ठरली की डिझाइनच्या आधी टेस्ट घ्या, नुसती यादी समोर ठेवून. प्रश्नात मेनूतला शब्द चुकूनही येऊ देऊ नका. 'मेडिक्लेम कार्ड कुठे मिळेल' विचारलंत तर तो मेडिक्लेमवरच बोट ठेवणार, त्यातून काय कळणार? 'आईला अ‍ॅडमिट करायचंय, हॉस्पिटलवाले कार्ड मागतायत, कुठे जाल?' असं विचारा. बरेच जण पहिल्याच ठिकाणी चुकले तर नाव बदला, लोकांना ट्रेनिंग देत बसू नका.

इंट्रानेट मायक्रोसॉफ्टच्या शेअरपॉइंटवर असेल तर तिथे हबच्या, म्हणजे अनेक साइट्स जोडणाऱ्या मुख्य साइटच्या, मेनूला 3 पातळ्या मिळतात, माझं ऐकाल तर 2 च वापरा. ऑडियन्स टार्गेटिंगने, म्हणजे ठरावीक गटालाच लिंक दाखवायच्या सोयीने, बाकीच्यांना लिंक फक्त दिसेनाशी होते, परवानगी बदलत नाही, त्यामुळे गोपनीय फाइलींची परमिशन वेगळी लावा.

आणि लैंगिक छळाच्या तक्रारीसाठीची अंतर्गत समिती. 2013 च्या कायद्याप्रमाणे तिच्या स्थापनेचा आदेश ऑफिसात ठळक जागी लावावाच लागतो. इंट्रानेटवरही तिची लिंक प्रत्येक पानाच्या तळाशी द्या, ती शोधायची वेळ कुणावर येऊ नये.