कोऱ्या चहाचं दुसरं पाणी: करायचं कसं, चाखायचं कसं आणि आभार कोणाचे मानायचे

आमच्या फोंड्यात कोणाकडे कोरा चहा मागितला की आधी विचारतात पोट बिघडलंय का, इतकी आपल्याला दुधाच्या चहाची सवय. पण चांगल्या पानाचा कोरा चहा आणि मग त्याच पानांवर परत पाणी घालून केलेला दुसरा कप, हे प्रत्येकाने एकदा तरी निवांत बसून करून बघावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून सगळं नीट लिहिते.

आधी पान. रोजची दाणेदार चहा पावडर यासाठी चालणार नाही, ती सीटीसी असते म्हणजे रोलरमध्ये पान चिरडून, फाडून, त्याचे बारीक दाणे वळलेले असतात, दुधात पटकन उतरावी म्हणूनच ती तशी करतात, त्यामुळे पहिल्याच पाण्यात जवळपास सगळं निघून जातं आणि दुसऱ्याला फिकट रंगाशिवाय फारसं काही उरत नाही. अख्ख्या पानाचा ऑर्थोडॉक्स चहा घ्या. दार्जिलिंगचा सेकंड फ्लश, म्हणजे मे-जूनच्या सुमाराला खुडलेला, मिळाला तर उत्तमच, नाहीतर आसाम किंवा निलगिरीचा ऑर्थोडॉक्स पण छान. छोटं पाकीट घ्या कारण आपल्याकडे पावसात हवेतच इतकी ओल असते की उघडं पाकीट बघता बघता मऊ पडतं. आणि हो, चहाचं पान आजूबाजूचा वास ओढून घेतं, तेव्हा घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरा आणि तो डबा सुक्या बांगड्यांच्या, मसाल्याच्या फळीवर अजिबात ठेवू नका.

पहिलं पाणी सोपं आहे. २०० मिली पाण्याला अडीच ग्रॅम पान, काटा नसेल तर लांब पानाचे दीड-दोन चमचे होतात. पाण्याला उकळी आली की गॅस बंद, अर्धा मिनिट थांबा, पानांवर ओता, झाकण, ३ मिनिटं. नळाच्या पाण्याला क्लोरिनचा वास येत असेल तर आदल्या रात्री भांड्यात काढून फक्त फडकं टाकून ठेवायचं. आता सगळ्यात महत्त्वाचं, गाळताना शेवटच्या थेंबापर्यंत गाळा, पानं पाण्यात तशीच राहिली तर तुरटपणा त्या पाण्यात उतरत राहतो आणि दुसरा कप गेलाच म्हणून समजा. झाकण थोडं सरकवून ठेवा म्हणजे पानं वाफेत शिजत नाहीत.

पहिला कप तलफ भागवायला प्या, बिस्किटाबरोबर प्या, कसाही प्या.

अर्ध्या तासाच्या आत दुसरं पाणी घाला. यावेळी पाणी कमी, १५० मिली, पण कडक उकळतं, आणि वेळ जास्त, ५ मिनिटं. पटकन विरघळणारं बरंचसं, कॅफिनचा मोठा भाग धरून, पहिल्याच पाण्यात गेलेलं असतं, उरलेलं हळूहळू उतरतं म्हणून ही वाट बघायची.

चाखायला पांढरा कप घ्या, रंग नीट दिसतो. पहिला कप पूर्ण गार झाला की कधीकधी गढूळ होतो, कॅफिन आणि चहातली रंगद्रव्यं एकत्र बांधली जातात म्हणून, दुसरा कप बहुतेक वेळा स्वच्छ राहतो. आधी कपाचा नाही, गाळणीतल्या ओल्या पानांचा वास घ्या, वळलेली पानं उलगडलेली असतात, काहींचे देठ, कडा स्पष्ट दिसतात, एखादं बोटाने पसरून बघाच. मग बशीतला चहा ओढतात तसा आवाज करत घोट घ्या, चहाचे तज्ज्ञ पण असाच भुरका मारतात, हवेबरोबर वास नाकापर्यंत चढतो. घोट जिभेवर थोडा फिरवा, गिळा, आणि मग लगेच दुसरा घोट घेऊ नका. घशात मागून थोडासा गोडवा येतोय का बघा. पहिल्या कपात तुरटपणा इतका पुढे असतो की हा गोडवा कळतच नाही, आणि आपल्याला पण तेव्हा तलफ असते, लक्ष कुठे असतं. माझ्या मते आभार मानायची खरी वेळ ही दुसऱ्या कपाची, कारण आता काही हवंय म्हणून आपण पीत नसतो.

पण आभार मानायचे म्हणजे डोळे मिटून "सगळ्यांचं भलं होवो" असं मोघम नको, ते मनाला लागत नाही. हातातल्या कपापासून सुरू करा. १ किलो तयार चहाला साधारण साडेचार किलो ओला पाला लागतो, म्हणजे तुमच्या या अडीच ग्रॅमसाठी १० ग्रॅमच्या वर पाला कोणीतरी खुडलाय, दार्जिलिंगचा असेल तर उतारावर उभं राहून, दोन पानं आणि एक कळी अशी हाताने, आणि खुडणाऱ्या बहुतेक बायकाच असतात. मग कोणीतरी तो रात्रभर सुकत घातला, वळला, भट्टीत वाळवला. त्या बाईला मनात देव बरें करूं म्हणा, म्हणजे आपलं कोंकणीतलं धन्यवाद.

त्यानंतर आपल्या माणसांतलं एकच कोणीतरी घ्या, आणि त्याने केलेली एकच गोष्ट. माझी आई आजारी होती तेव्हा शेजारच्या काकी रोज सकाळी पेजेचं भांडं आणून ओट्यावर ठेवायच्या, वर ताटली, ताटलीत लोणच्याची फोड, आणि बेल न वाजवता जायच्या कारण आईला नुकतीच झोप लागलेली असायची. बेल न वाजवणं हे माझ्या लक्षात कितीतरी उशिरा आलं, असंच दुसरा कप पिताना. असं बारीक काहीतरी सापडेपर्यंत थांबा, घाई करू नका, कप कोमट झाला तरी चालतो. आणि सापडलं की त्याच दिवशी त्या माणसाला फोन करा किंवा जाऊन सांगा, मेसेज शक्यतो नको. काय आठवलं तेच सांगायचं, "काकी, तुम्ही तेव्हा बेल वाजवत नव्हता", बस. माणूस हयात नसेल तर त्याच्या घरच्यांना सांगा, त्यांना फार बरं वाटतं.

तिसरं पाणी बहुतेक काळ्या चहांना झेपत नाही. पानं गार करून कढीपत्त्याच्या कुंडीत माती जरा उकरून घाला, वरच टाकली तर दमट हवेत बुरशी येते. दुसऱ्या दिवशीसाठी ओली पानं ठेवायची नाहीत, आपल्या हवेत ती आंबतात. आणि दुसऱ्या कपात कॅफिन कमी असलं तरी असतंच, झोपेचा त्रास असेल त्यांनी हे चार-साडेचारच्या आत उरकावं.