प्रीफॅब घर की विटा-काँक्रीटचं घर: दरपत्रकावर सही करण्याआधी काय तपासायचं

कारखान्यात भाग तयार करून जागेवर जोडलेलं प्रीफॅब घर आणि जागेवरच बांधलेलं विटा-काँक्रीटचं घर, यांची तुलना बहुतेक जण चौरस फुटाच्या दरापासून सुरू करतात आणि तिथेच फसतात. दर नंतर बघा. आधी हे लक्षात घ्या की दोन्ही पद्धतींत निर्णय घेण्याची वेळ वेगळी आणि चूक होण्याची जागाही वेगळी. विटा-काँक्रीटच्या कामात जागेवर रोज काहीतरी ठरतं, आणि चुकाही रोज थोड्याथोड्या साचत जातात. प्रीफॅबमध्ये सगळं आधीच ठरवून कारखान्याला कळवावं लागतं. जागेवर उरतात पाया आणि सांधे, आणि पुढे तक्रार निघाली तर ती बहुधा या दोन ठिकाणचीच असते.

कोणतं प्रीफॅब, ते आधी विचारा

या एका शब्दाखाली चार वेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली म्हणजे पफ पॅनेल: दोन पातळ पत्र्यांच्या मध्ये पॉलियुरेथेनचा फोम, जाडी साधारण 50 ते 100 मिमी. दुसरी, हलक्या पोलादी सांगाड्याचं घर: जस्तलेपित पत्रा वाकवून केलेले उभे-आडवे भाग, बाहेरून सिमेंट फायबर बोर्ड, मध्ये रॉकवूल (दगडाच्या तंतूंची गादी), आतून जिप्सम बोर्ड. तिसरी, प्रीकास्ट म्हणजे कारखान्यात आधीच ओतून तयार केलेल्या काँक्रीटच्या भिंती आणि स्लॅब. चौथी, पूर्ण तयार खोल्या, ज्या ट्रेलरवरून आणून एकमेकींना जोडतात.

यांना एका मापाने मोजता येत नाही. प्रीकास्टचं घर वजनाला, आवाजाला, आगीला काँक्रीटच्या घरासारखंच वागतं. पफ पॅनेलचं घर साइट ऑफिसला उत्तम, पण कुटुंबाने कायम राहायला मी ते सुचवणार नाही. कायमच्या एकमजली किंवा दुमजली घरासाठी खरी तुलना होते ती पोलादी सांगाडा किंवा प्रीकास्ट यांची विटांच्या कामाशी.

जागा आणि रस्ता

बऱ्याचदा निवड इथेच संपते. ट्रेलर वळेल एवढा रस्ता आहे का, वर विजेच्या तारा आहेत का, क्रेन उभी करायला कडक सपाट जमीन आहे का, हे प्रत्यक्ष जाऊन मोजा. क्रेनच्या नावातली क्षमता बूम, म्हणजे तिचा लांब हात, अगदी जवळ असतानाची असते. बूम लांब गेली की ती झपाट्याने घटते. म्हणून 'पॅनेल 3 टनांचं आहे, क्रेन 20 टनांची आहे' एवढ्यावर समाधान मानू नका. सर्वांत जड तुकडा सर्वांत लांबच्या कोपऱ्यात ठेवताना ती किती उचलते, ते क्रेनच्या तक्त्यात दाखवायला सांगा. मोठी गाडी पोचत नसेल, तर हाताने उचलता येणारे सांगाड्याचे भाग किंवा सरळ विटाच बऱ्या.

पाया: हलकं घर म्हणून हलका पाया नको

230 मिमी जाडीची वीटभिंत प्लास्टरसह चौरस मीटरला जवळपास 450 ते 500 किलो भरते. 50 मिमी पफ पॅनेलचं वजन 10-12 किलोच्या आसपास. त्यामुळे पायाचा खर्च वाचतो हे काही अंशी खरं, पण दोन गोष्टी उलट फिरतात. फुगणाऱ्या काळ्या मातीत हलकं घर जास्त सहज उचललं जातं, कारण मातीला दाबून ठेवणारं वजनच नसतं. आणि वादळात वारा छप्पर वर खेचतो तेव्हा जड घर स्वतःच्या वजनाने टिकतं, हलक्याला मात्र नटबोल्टनी पायाशी बांधून ठेवावं लागतं. छपरापासून भिंतीतून पायापर्यंत ही बांधणी कुठेही तुटत नाही ना, ते नकाशावर बोट ठेवून विचारा.

प्रीफॅबच्या पायाला अचूकता लागते. गवंडी 15 मिमीचा फरक प्लास्टरमध्ये झाकू शकतो; पॅनेलला तो झाकता येत नाही. जोतं झाल्यावर, माल निघण्याआधी, हे करा:

1. चारही कोपऱ्यांची पातळी पाण्याच्या नळीने किंवा लेझरने तपासा. 5 मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर आधी दुरुस्त करा.
2. दोन्ही कर्ण मोजा. 10 बाय 8 मीटरच्या जोत्याचा कर्ण 12.806 मीटर येतो. दोन कर्णांत फरक असेल तर जोतं गुण्यात (काटकोनात) नाही.
3. पायातले बोल्ट काँक्रीट ओतण्याआधीच लाकडी किंवा लोखंडी साच्यात बसवलेले असावेत. नंतर भोक पाडून बसवलेला बोल्ट चालतो, पण त्यासाठी रासायनिक अँकर (बोल्टला भोकात घट्ट चिकटवणारं रसायन) आणि भोकाची पूर्ण सफाई लागते.
4. पाणी, सांडपाणी आणि वीज यांचे पाइप जोत्यातून वर येतात ती जागा कारखान्याच्या नकाशाशी मिलिमीटरमध्ये जुळवा. इथे चुकलं तर नवा स्लॅब फोडावा लागतो.

राहताना जाणवणारे फरक

जागा: बाहेरून 10 बाय 8 मीटरचं घर धरा. भिंत प्लास्टरसह 262 मिमी असेल तर आतला एकूण विस्तार 70.8 चौरस मीटर उरतो. तीच भिंत 100 मिमीची असेल तर 76.4. म्हणजे बाहेरच्या भिंतींतच एका लहान खोलीएवढा फरक पडतो. दर आतल्या क्षेत्रावर काढलात तर आकडे पुष्कळ बदलतात.

उष्णता: 50 मिमी पॉलियुरेथेन उष्णतेला 230 मिमी विटेच्या साधारण सातपट अडवतो. पण वीट उष्णता साठवून तासन्‌तास उशिरा आत सोडते, पॅनेल काहीच साठवत नाही. म्हणून पॅनेलच्या घरात पश्चिमेच्या काचेतून ऊन आलं की खोली झटकन तापते. अशा घराला छज्जे, सावली आणि समोरासमोर खिडक्या हव्यातच. पोलादी सांगाड्यात आणखी एक अडचण: लोखंडातून उष्णता थेट आत-बाहेर जाते, त्यामुळे थंडीत किंवा वातानुकूलित खोलीच्या भिंतीत नेमक्या त्याच रेषेत दव धरतं. सांगाड्याच्या बाहेरून इन्सुलेशनचा सलग थर हा त्यावर उपाय आहे.

आवाज: वजन जितकं जास्त तितका आवाज अडतो. हलक्या भिंतीत दोन बोर्डांचा थर, मध्ये रॉकवूल आणि शेजारच्या खोलीशी न जुळणारे वेगळे उभे खांब, एवढं केलं तर फरक पडतो. स्विचबोर्ड दोन्ही बाजूंना पाठीला पाठ लावून बसवले की ती मेहनत वाया जाते.

आग: पॉलियुरेथेन जळतो आणि त्याचा धूर विषारी असतो. रॉकवूल जळत नाही. या एका मुद्द्यावर पैसे वाचवू नका.

खिळे आणि बदल: विटेच्या भिंतीत हवं तिथे भोक पाडता येतं. बोर्डाच्या भिंतीत गीझर, टीव्ही, स्वयंपाकघरातली कपाटं कुठे येणार ते आधी ठरवून मागे 18 मिमी प्लायवूड घालून घ्या. 25 लिटरचा गीझर भरल्यावर 35 किलोंच्या आसपास जातो. तो नुसत्या जिप्सम बोर्डावर लटकत नाही.

विटा-काँक्रीटचं काम बिघडतं कुठे

पारंपरिक म्हणजे आपोआप मजबूत, हा समज सोडून द्या. 50 किलोच्या सिमेंटच्या गोणीला ओल्या वाळूतलं पाणी धरून साधारण 25 लिटर पाणी पुरतं. मिश्रण सहज पसरावं म्हणून कामगार त्यात आणखी ओततात, आणि ते जास्तीचं पाणी उडून गेल्यावर मागे छिद्रं राहतात. काँक्रीट ओतण्याआधी कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई आणि साचा यांच्यात अंतर राखणारे ठोकळे, मोजा: पायाला 50 मिमी, कॉलमला 40, स्लॅबला 20. दगडाच्या चिपा चालत नाहीत, त्या सरकतात. काँक्रीट हलवून घट्ट बसवणारा व्हायब्रेटर चालू आहे ना ते बघा; तो नसेल तर कॉलमच्या तळाशी पोकळ्या राहतात आणि सळई गंजते.

साध्या सिमेंटच्या काँक्रीटवर किमान 7 दिवस पाणी हवं, राख किंवा स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) मिसळलेलं सिमेंट असेल किंवा हवा कोरडी-उष्ण असेल तर किमान 10, आणि 14 दिवस दिले तर उत्तम. स्लॅबचे टेकू 4.5 मीटरपर्यंतच्या गाळ्याला (दोन आधारांमधल्या अंतराला) 7 दिवस ठेवा, त्यापुढे 14. बीमचे 6 मीटरपर्यंत 14 आणि त्यापुढे 21. हे दिवस कमी करता येत नाहीत. पारंपरिक घराला वेळ लागतो तो मुख्यतः या एकामागोमाग एक येणाऱ्या प्रतीक्षांमुळे. प्रीफॅबमध्ये पाया मुरत असतानाच भिंती कारखान्यात तयार होतात. वेळ वाचतो तो इथे. पाया लांबला तर आलेला माल उघड्यावर भिजतो आणि वाचलेला वेळ निघून जातो.

कामावर रोज हजर राहणारा जाणकार माणूस तुमच्याकडे नसेल, तर प्रीफॅबचा खरा फायदा तुम्हाला आहे. आणि घर पुढे वाढवायचं असेल, नकाशा अजून पक्का नसेल, तर विटांचं काम घ्या.

दरपत्रक

दोन्ही बाजूंना एकच यादी द्या आणि प्रत्येक ओळीपुढे आकडा मागा. प्रीफॅबच्या दरात बहुधा नसतात त्या गोष्टी: पाया, वाहतूक, क्रेन, जिना, पाण्याची टाकी, सेप्टिक टँक, बाहेरची जोडणी, कर. आगाऊ रकमेबाबत सावध राहा. प्रीफॅबचे बरेचसे पैसे जागेवर काही दिसण्याआधी द्यावे लागतात, आणि कर्ज मात्र अनेकदा जागेवरच्या टप्प्यांनुसार सुटतं. हे अंतर कसं भरायचं ते आधीच बँकेशी बोलून ठेवा.

सांधे

1968 साली लंडनमधल्या रोनान पॉइंट या 22 मजली प्रीकास्ट इमारतीत 18 व्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला आणि इमारतीचा अख्खा कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला. एक भिंत बाहेर फेकली गेल्यावर वरच्या पॅनेलांना धरून ठेवेल अशी जोडणीच नव्हती. घर छोटं असलं तरी सांध्याचा तपशील नकाशावर मागा, आणि जोडणी झाकण्याआधी प्रत्येक सांध्याचा फोटो काढून ठेवा.

पाण्याच्या दृष्टीने बाहेरचा सांधा 12 ते 20 मिमी रुंद असावा. आत फोमची गोल दोरी दाबून घालतात आणि त्यावर सीलंट (फट बुजवणारा रबरासारखा लवचीक लेप), त्याची खोली रुंदीच्या निम्मी. दोरी नसेल तर सीलंट तळालाही चिकटतं, तीन बाजूंनी धरलं गेल्याने ताणता येत नाही आणि लवकर फाटतं. जागेवर कापलेल्या जस्तलेपित कडांना जस्तयुक्त रंग लावून घ्या. तांब्याचा पाइप त्या पत्र्याला कुठेही टेकू देऊ नका, जस्त खाल्लं जातं.

ताबा घेण्याआधी बाथरूमच्या फरशीत पाणी कोंडून 48 तास ठेवा. बाहेरच्या प्रत्येक सांध्यावर आणि खिडकीवर खालून वर सरकत नळीने पाणी मारा, दर जागी पाच मिनिटं, आणि आत एक माणूस टॉर्च घेऊन उभा करा. वरून सुरुवात केली तर पाणी नेमकं कुठून शिरलं ते कळत नाही. शेवटचा हप्ता या चाचणीनंतरच द्यायचा, हे करारात आधीच लिहून घ्या.